गटिंग पॉलीचं, कोपर पोराचं

गेल्या रविवारी कुडाळहून भाच्याचा फोन आला. वय वर्षं तेरा. "मामा, बाटलीचा झाकान उघडूक जमना नाय." आधी मी हसलो. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं की कोपराच्या बाहेरच्या अंगाला तीन आठवडे दुखतंय. आणि तीनच आठवड्यांपूर्वी भावजींनी त्याच्या टेनिस रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, बदलून आणलं होतं. चांगलं मल्टिफिलामेंट (बारीक नायलॉन तंतूंची मऊ तार, म्हणजे 'मल्टी') कापून पॉलिएस्टर (एकाच तंतूची ताठ तार, म्हणजे 'पॉली'), तेही ६० पाउंडांच्या ताणावर!

का, तर म्हणे व्हॉट्सॲपवर आलं होतं. 'मल्टिफिलामेंटची फसवणूक : प्रत्येक टेनिस पालकाने वाचावे.' हा मजकूर आमच्या सकाळच्या कोर्टाच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेला होता आणि मी न वाचताच पुढे सरकलो होतो. आता वाचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मल्टी ही म्हाताऱ्यांची तार, मोठे खेळाडू फक्त पॉली वापरतात. मल्टी आठ दिवसांत ढिली पडते, पॉली तुटेपर्यंत तशीच राहते. मल्टीचे धागे सुटतात कारण माल खोटा असतो. कोकणच्या दमट हवेत नायलॉन कुजतं. गटिंग जेवढं घट्ट तेवढा चेंडू वेगात. आणि शेवटी, पॉलीवर हात दुखला तर घाबरू नका, ताकद वाढतेय, खोबरेल चोळा आणि तारांत रबराचं बटण अडकवा.

शेवटापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचा नुसता अडाणीपणा आहे, हा मात्र पोराच्या हाडामांसाशी खेळ आहे.

मी डॉक्टर नाही. घरच्या मशीनवर मित्रांच्या रॅकेटी भरतो, एवढाच माझा अधिकार. पण दुखणं आणि ताकद यांतला फरक कळायला तेवढा पुरतो. चेंडू तारांवर टेकतो तो सेकंदाचा साधारण दोनशेवा भाग. तेवढ्यात सगळा दणका रॅकेटमधून मनगटात आणि कोपरात उतरतो. तार मऊ असली की ती जास्त दबते, दणका किंचित जास्त वेळात पसरतो, त्याचं टोक बोथट होतं. पॉलिएस्टर मुळातच ताठ. ते ६० पाउंडांवर ओढलं की पोराच्या हातात फळी दिल्यासारखंच. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात तिथली कंडरा त्यामुळे दुखावते. बाटलीचं झाकण फिरत नाही, ही त्याचीच खूण. यात ताकद कुठे वाढली? शिवाय तेराव्या वर्षी तिथली हाडांची टोकंही अजून पक्की झालेली नसतात.

रबराच्या बटणाने काय होतं? तारांचा 'टिंग' आवाज थांबतो, एवढंच. मुठीत हादरा येतो तो फ्रेममधून, आणि फ्रेमला त्या बटणाचा पत्ताही नसतो. खोबरेलाबद्दल बोलत नाही, ते आमटीत घाला.

आता 'मल्टी ढिली पडते, पॉली पडत नाही.' हे तर साफ उलटं आहे. सिडनी विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाना प्रकारच्या तारा ताणून, त्यांना ठोके देऊन मोजमापं घेतली आहेत. सगळ्यांत जास्त ताण पॉलिएस्टर सोडतं, सगळ्यांत कमी खरं, जनावराच्या आतड्याचं गट सोडतं, आणि नायलॉन, म्हणजे आपलं मल्टी, या दोघांच्या मधे. पॉली सहजी तुटत नाही हे खरं, पण न तुटणं आणि न मरणं वेगळं. पॉली आतल्या आत मरते, म्हणजे ताण सोडून निर्जीव होते, आणि दिसायला नवीच राहते. मोठे खेळाडू दर सामन्याला ताजं गटिंग भरून घेतात, त्यांना ती परवडते. आमचा भाचा तार तोडण्याएवढा जोरात मारतच नाही. म्हणजे तो मेलेल्या तारेवर सहा महिने कोपर घासणार, आणि भावजी म्हणणार, बघा, किती टिकली!

धागे सुटण्याचं सांगायला तर कोकणी माणूस लागू नये. घरी काथ्याचा सुंभ पाहिलाय ना? मल्टीही तशीच, शेकडो बारीक नायलॉनचे तंतू एकत्र वळून चिकटवलेले. वरचे तंतू आधी झिजतात, कुसळं निघतात, आतले भार घेत राहतात. मासे धरायचा तंगूस मात्र एकच जाड तंतू, त्याला कुसळं येणार कुठून? पॉली त्या जातीची. मल्टीची कुसळं म्हणजे 'आता बदल' अशी आगाऊ सूचना. फसवणूक करणारा माल अशी सूचना देतो का?

घट्ट गटिंगने वेग वाढतो, हेही उलटंच. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियम बघा : नेहमीचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळला पाहिजे. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त ऊर्जा चेंडू स्वतःच खातो. तारा मात्र नव्वद टक्क्यांहून जास्त परत करतात. मग जास्त कोणाला दबू द्यायचं? घट्ट तारेवर चेंडू चेपतो, सैल तारेवर तारा दबतात. घट्टपणाने मिळतो तो ताबा, वेग नव्हे.

दमट हवेचं थोडं खरं आहे, कबूल. नायलॉन पाणी पितं, पॉलिएस्टर जवळजवळ पीत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर माझंही गटिंग मऊ लागतं. पण मऊ लागणं म्हणजे कुजणं नव्हे, आणि जूनपासून चार महिने आमच्या मातीच्या कोर्टावर शेवाळ असतं, खेळतंय कोण? रॅकेट पिशवीत ठेवा, झालं. कोर्टावरची रेती मल्टीला करवतीसारखी कापते, हे त्या मजकुरात नाही. ते लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती.

आणि मोठे खेळाडू. ब्राझीलच्या गुस्तावो कुएर्तनने १९९७ ची फ्रेंच स्पर्धा पॉलीवर जिंकली आणि सगळे तिकडे धावले, हे खरं. पॉलीच्या तारा सरकून झटक्यात जागेवर येतात, टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी, जास्त मिळतो, हेही खरं. मल्टीच्या तारा सरकल्या की तिथेच अडकतात, दोन पॉइंटांमधे बोटांनी सरळ कराव्या लागतात. पण फेडरर आणि सेरेना यांच्या रॅकेटींत उभ्या तारा आतड्याच्या होत्या. मल्टी बनली ती त्याच आतड्याची नक्कल म्हणून. 'म्हाताऱ्यांची तार' म्हणणाऱ्याने तेवढं तरी बघायचं होतं.

भाच्याची रॅकेट बुधवारी एसटीने मागवून घेतली. पॉली कापली, १.३० मिलिमीटर जाडीची मल्टी ५० पाउंडांवर भरली. ती माझ्या कपाटात आहे आणि हाडांचे डॉक्टर 'खेळ' म्हणेपर्यंत तिथेच राहील. भावजींचे दोन मिस्ड कॉल आलेत.