एनएलयू नाही तर वकिली नाही, हे खोटं आहे

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो: क्लॅट या प्रवेश परीक्षेतून राष्ट्रीय विधी विद्यापीठात (एनएलयू) नंबर लागला नाही तर वकिलीचा नाद सोडा, मराठी शाळेतल्या मुलांनी तर परीक्षा देऊच नये, गोव्यात वकिलाला काम नाही, सनद म्हणजे वकिलीचा परवाना काढायलाच हजारो रुपये लागतात. परवा पेडण्यातली एक आई तोच संदेश दाखवायला माझ्याकडे आली. मुलीचा फॉर्म भरायचा तिनं थांबवला होता.

मराठी शाळेचं आधी. क्लॅट इंग्रजीत असते, हे खरं. पण आपल्याकडे मराठी शाळा बहुतेकांची चौथीपर्यंतच. पाचवीपासून बारावीपर्यंत आठ वर्षं मूल इंग्रजीतून शिकतं. पेपरात १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. कलमं पाठ नकोत, उताऱ्यात दिलेला नियम लावता आला पाहिजे.

एनएलयू चांगल्याच. मोठ्या कॉर्पोरेट फर्म भरतीला आधी तिथंच जातात. पण मिरामारच्या साळगावकर किंवा मडगावच्या कारे लॉ कॉलेजातून शिकलेल्याची सनद दुय्यम नसते. पदवीनंतर वकिलीसाठी द्यावी लागणारी ऑल इंडिया बार परीक्षा सगळ्यांना एकच.

आणि काम नाही? पोर्तुगीज दिवाणी संहिता इथं १८७० मध्ये लागू झाली; वारसाहक्क आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यानं चालतो. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. माझ्या टेबलावर आत्ता डिचोलीतल्या एका घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं प्रकरण आहे. भावंडं पाच, सगळी लग्न झालेली, म्हणून कागदावर दहा नावं. मूळ दस्त पोर्तुगीजमध्ये, हातानं लिहिलेला, शाई तपकिरी पडलेली. त्याच जमिनीवर मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा, अर्जही आहे. असा दस्त लावून देणारा माणूस शोधत लोक फोंड्याहून म्हापशाला जातात. हे काम इथल्याच कोर्टांत, सीनियरच्या शेजारी बसून येतं. पहिली दोन-तीन वर्षं हातात फार पैसे पडत नाहीत. घरच्यांनी एवढी तयारी ठेवावी.

राहिली सनद. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं: नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. मुद्रांक शुल्क तेवढं वेगळं. त्या आईला मी निकालाची प्रत काढून दिली. मुलीनं फॉर्म त्याच संध्याकाळी भरला.