टॅलाहॅची काउंटीतल्या पाट्या

मेम्फिसला गायक एल्विसचं घर बघायचं आणि इंटरस्टेट ५५ हा महामार्ग धरून थेट न्यू ऑर्लिन्स गाठायचं, असा प्रवास अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी करतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वाटेत मिसिसिपी राज्यात एकदा पश्चिमेला वळा आणि टॅलाहॅची काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), १९५५च्या एका खुनाची हकीकत सांगणाऱ्या रस्त्याकडेच्या पाट्या वाचा. कापसाची सपाट शेतं आणि लहान लहान गावं, एवढाच हा मुलूख. पण अमेरिका समजून घ्यायला मला कुठल्याही मोठ्या संग्रहालयापेक्षा या पाट्यांचा जास्त उपयोग झाला.

१९५५चा ऑगस्ट. शिकागोचा १४ वर्षांचा काळा मुलगा एमेट टिल सुट्टीत नातेवाइकांकडे आला होता. शेजारच्या काउंटीतल्या मनी या गावात, किराणा दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगळीक केली असा ठपका ठेवून तिचा नवरा आणि त्याचा सावत्र भाऊ यांनी त्याला रात्री घरातून उचललं. हाल हाल करून मारलं, जिनिंगमधला अवजड पंखा काटेरी तारेने गळ्यात बांधला आणि नदीत टाकलं. खटला टॅलाहॅचीतल्या समनर गावात चालला. एमेटच्या आईचे काका, मोझ राइट, भर कोर्टात उभे राहिले आणि आरोपींकडे बोट दाखवून म्हणाले, हाच तो. त्या काळी तिथे काळ्या माणसाने असं करणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. काउंटीत बहुसंख्य लोक काळे, पण मतदारयादीत त्यांची नावं नाहीत, म्हणून ज्युरीतही नाहीत. बारा गोऱ्या पुरुषांनी ६७ मिनिटांत दोघांना निर्दोष सोडलं. काही महिन्यांतच त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची हकीकत सांगितली. सुटका झालेली असल्याने त्याच खुनासाठी त्यांच्यावर पुन्हा खटला भरता येत नव्हता.

यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं मिसिसिपीत एमेटच्या नावाची एकही खूण नव्हती. समनरच्या कोर्टाच्या आवारात १९१३ साली उभारलेलं कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या, सैनिकाचं स्मारक मात्र होतं.

बदल घडवला तो काउंटीतल्याच लोकांनी. काउंटी बोर्डाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने काळ्या-गोऱ्या सभासदांची समिती बसली. २ ऑक्टोबर २००७ रोजी त्याच कोर्टासमोर, टिल कुटुंबाच्या उपस्थितीत, काउंटीच्या नागरिकांतर्फे जाहीर माफी मागितली गेली. पाट्या त्याच कामाचा भाग होत्या. २०२३मध्ये राष्ट्राध्यक्षांनी इथल्या जागांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, त्याचा मला आनंदच आहे. पण त्याहून अवघड काम या लोकांनी आधी केलं होतं. आपल्याच गावात, आपल्याच शेजाऱ्यांसमोर, इथे अन्याय झाला आणि तो आपण होऊ दिला असं म्हणणं, याला फार मोठी छाती लागते.

एमेटला टाकलं त्या नदीच्या काठची पाटी २००८मध्ये लागली आणि त्याच वर्षी चोरीला गेली. नवी लावली, तिच्यावर लोक वर्षानुवर्षं गोळ्या झाडत राहिले. २०१८मध्ये तिसरी लावली, ती ३५ दिवसांत फोडली. २०१९मध्ये चौथी आली, सुमारे सव्वादोनशे किलोची, बुलेटप्रूफ. गोळ्यांची ३१७ भोकं पडलेली एक जुनी पाटी २०२१मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडली गेली. ती जशी होती तशीच लोकांसमोर ठेवली हे मला अगदी योग्य वाटतं. एमेटच्या आईनेही, मेमी टिल यांनी, अंत्यसंस्काराच्या वेळी शवपेटी उघडी ठेवली होती. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला दिसू दे, असा त्यांचा आग्रह होता.

जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असं लोक म्हणतात. आपल्या मराठी गप्पांतही मी हे ऐकतो. मला हे पटत नाही. ज्यांनी त्या पाटीवर गोळ्या झाडल्या ते काय विसरले होते? त्यांना सगळं नीट आठवत होतं. विसरायचा सल्ला मात्र नेहमी ज्यांचं माणूस गेलं त्यांनाच दिला जातो.

तेव्हा जाच. समनरची कोर्टरूम दुरुस्त करून पुन्हा १९५५सारखी केली आहे आणि समोरच माहिती केंद्र आहे. नदीकाठी जायला शेतांतून खडीचा कच्चा रस्ता आहे, उजेडात पोहोचा. मुलं कळत्या वयाची असतील तर त्यांनाही न्या आणि पाट्या त्यांनाच वाचू द्या. ती प्रश्न विचारतील. उत्तरं द्यायला वेळ ठेवा, न्यू ऑर्लिन्सला रात्री उशिरा पोहोचलात तरी चालेल.