पुरातल्या बाळांना पावडरचे डबे पाठवू नका

पुराची बातमी आली की मागोमाग तो संदेश येतोच. या वेळी तो आमच्या वहिनीने घरच्या ग्रुपवर टाकला. नुसता टाकला असता तर गप्प बसले असते, पण तिने सोसायटीत वर्गणी काढून डब्यांची यादीसुद्धा केली. संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: पुराच्या धक्क्याने आयांचं दूध आटतं, उपाशी आईच्या दुधात सत्त्व राहत नाही, डबाबंद पावडर शुद्ध असते, म्हणून छावणीतल्या प्रत्येक बाळासाठी दूध पावडर आणि बाटल्या पाठवा, मदत कधी वाया जात नाही.

धक्क्याने दूध आटतं, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. घाबरलेल्या, दमलेल्या बाईला पान्हा लवकर फुटत नाही. पण आत दूध तयार होणं त्याने थांबत नसतं. तिला जरा आडोसा, बसायला कोरडी जागा मिळाली आणि बाळाला अंगावर घेत राहिली, की पान्हा येतो. बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं. वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं आणि मग मात्र दूध खरोखर कमी होतं. संदेशात जी भीती घातली आहे ती डबाच खरी करून दाखवतो.

उपाशी आईचं म्हणाल, तर तिला जेवायला घाला. चार दिवस पोटभर मिळालं नाही म्हणून दूध निकस होत नाही.

आता ते 'शुद्ध' प्रकरण. हे वाचून माझं डोकं फिरलं. पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला तरी तिच्यात जंतू असू शकतात, म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. छावणीत हे कोण करणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात काय झालं ते आठवा. चहूकडे पाणी, आणि प्यायला टँकरची वाट. शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसलेल्या बाईने दिवसातून सात-आठ वेळा पाणी कशावर उकळायचं आणि बाटलीचं बूच कशाने धुवायचं? शिल्लक दूध उन्हाळी-पावसाळी हवेत किती वेळ टिकतं, हे वहिनीला मी सांगायला हवं का?

हा नुसता तर्क नाही. २७ मे २००६ रोजी इंडोनेशियात योग्यकर्ता भागात भूकंप झाला आणि मदतीच्या ओघात पावडरचे डबे सरसकट वाटले गेले. नंतर दोन वर्षांखालच्या मुलांची घरोघर पाहणी झाली. पाचपैकी चार घरांत फुकटचे डबे पोहोचले होते. ज्यांना ते मिळाले त्यांच्यातल्या २५.४ टक्के मुलांना आदल्या आठवड्यात जुलाब झाले होते. ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यात ११.५ टक्के. दुपटीहून जास्त! भूकंप दोघांच्याही वाट्याला तोच आला होता. आणीबाणीत तान्ह्या मुलांच्या आहाराबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका पावडर आणि बाटल्यांच्या देणग्या मागू नका, आल्या तर घेऊ नका, असं सांगते ते अशाच अनुभवातून.

'मदत वाया जात नाही' हे वाक्य तर कायद्यातच बसत नाही. १९९२ च्या शिशुदुग्ध पर्यायांविषयीच्या कायद्याने तान्ह्यांची दूध पावडर आणि बाटल्या अनाथालयाखेरीज कोणालाही दान करायला बंदी आहे. सोसायटीच्या वर्गणीला त्यात वेगळी सवलत नाही.

आई दगावलेली किंवा ताटातूट झालेली बाळं असतात, त्यांना पावडर लागते, हे खरं. पण ते त्या एका बाळाला तपासून डॉक्टर किंवा नर्स ठरवते. स्वच्छ पाणी, इंधन आणि पुढचे डबे वेळेवर मिळतील ही सोयही बघावी लागते, आणि पाजायचं वाटी-चमच्याने. टेम्पोतून बाटल्या फेकून ते होत नाही.

जमलेल्या पैशांतून बाळंतिणींसाठी शेंगदाण्याचे लाडू, कोरडी लुगडी, आडोशाला जाड पडदे आणि झाकणाचे पाण्याचे कॅन घ्या. डबे आणून झाले असतील तर दुकानदाराला परत करा, वहिनी. पावती ठेवली आहेस ना?