तालाच्या मोफत खेळांवरचा तो मेसेज चुकीचा आहे

गणपती जवळ आले की बेळगावातल्या मंडळांच्या, झांजपथकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात तो असा: 'तालावर बटणं दाबायचे जे फुकटचे कॉम्प्युटर गेम आहेत ते चोरीचे आहेत, कंपनीनं कोर्टात जाऊन ते बंद पाडलेत. फुकट आहेत म्हणजे आत व्हायरस असणारच. त्यानं मुलांचा ताल बिघडतो. शिवाय त्यात आपलं काहीच नाही, सगळं जपानी नाही तर इंग्रजी. कुमार गंधर्वांच्या जिल्ह्यातल्या मुलांना हे शोभत नाही.'

मी दिवसा मुलांना कॉम्प्युटर शिकवतो आणि संध्याकाळी भजनाला मृदंगावर बसतो. त्यामुळं या मेसेजच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत. मुलांच्या तालाची काळजी करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण मेसेजमधली विधानं तपासली तर एकही जशीच्या तशी टिकत नाही.

आधी कोर्टाचं बघू. कोनामी या जपानी कंपनीनं १९९८ मध्ये 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' हा पायांनी बाण दाबायचा खेळ आणला. त्याच धर्तीवर २००१ च्या सुमारास 'स्टेपमेनिया' हा कॉम्प्युटरवरचा मोफत खेळ सुरू झाला. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, एमआयटी परवान्याखाली (वापरा, बदला, वाटा अशी मुभा देणारा परवाना) सगळ्यांना खुला आहे. पुढं रॉक्सर नावाच्या अमेरिकन कंपनीनं स्टेपमेनियाच्याच इंजिनवर (खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर) 'इन द ग्रूव्ह' हे आर्केड मशीन काढलं. २००५ मध्ये कोनामीनं दावा लावला तो या रॉक्सरवर. २००६ मध्ये तडजोड झाली आणि 'इन द ग्रूव्ह'चे हक्क कोनामीकडं गेले. स्टेपमेनिया त्या दाव्यात प्रतिवादी नव्हता आणि तो बंदही पडला नाही. त्याच्याच कोडवरून 'एटर्ना' निघाला, 'आयटीजीमेनिया' निघाला. कल्पना एकाची आणि कोड दुसऱ्यानं स्वतः लिहिलेला, याला चोरी म्हणता येत नाही.

चोरीचा खरा प्रश्न गाण्यांचा आहे आणि तिथं मेसेजवाल्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. खेळाचा कोड खुला असला म्हणून त्यात घातलेलं गाणं खुलं होत नाही. 'ओसू!' या २००७ पासूनच्या, ठोक्यावर वर्तुळं दाबायच्या खेळाचंच बघा. त्याच्या नव्या आवृत्तीचा कोड एमआयटी परवान्याखाली आहे, पण चित्रं आणि आवाज वेगळ्या परवान्याखाली असून त्यांचा व्यावसायिक वापर करता येत नाही. टेलिग्रामवरून सिनेमाच्या गाण्यांचा गठ्ठा उतरवून खेळात टाकला तर तो दोष उतरवणाऱ्याचा. हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं आणि मी सांगतो.

व्हायरसबद्दल. कोड उघडा आहे एवढ्यानं प्रोग्राम सुरक्षित ठरत नाही, हे मान्य. पण फुकट आहे म्हणून तो घातक ठरतो, हेही खोटं. तो कुठून घेतला यावर सगळं अवलंबून आहे. गाणं म्हणायचे 'परफॉर्मस' आणि 'अल्ट्रास्टार डिलक्स' हे दोन्ही खेळ डेबियन लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या प्रोग्राम-भांडारात आहेत, तिथून एका आज्ञेत बसतात. विंडोजवर प्रकल्पाच्या मूळ पानावरूनच घ्यावेत. कुणीतरी ग्रुपवर टाकलेली एपीके फाइल (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडू नये, मग ती खेळाची असो की लग्नपत्रिकेची. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: मोफत मिळणारा प्रत्येक खेळ खुल्या कोडचा नसतो. 'क्लोन हिरो' हा गिटारचा खेळ मोफत आहे, पण कोड बंद. तशाच प्रकारच्या 'यार्ग'चा कोड मात्र खुला आहे. परवाना वाचायला दोन मिनिटं लागतात.

आता ताल बिघडण्याचा मुद्दा. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त पालक याच वाक्यानं घाबरतात. हे खेळ करतात काय? मुलानं बटण कधी दाबलं आणि ठोका खरा कधी होता, यातलं अंतर मिलिसेकंदांत मोजतात. स्टेपमेनियाच्या मूळ मांडणीत सगळ्यात वरचा शेरा मिळायला ठोक्याच्या अलीकडं-पलीकडं २२.५ मिलिसेकंदांच्या आत दाबावं लागतं. ओसू!मध्ये सर्वोच्च ३०० गुणांची मर्यादा एका साध्या सूत्रावर चालते: ८० मधून काठिण्यपातळीची सहापट वजा करायची. पातळी ५ असेल तर ५० मिलिसेकंद, १० असेल तर २०. ही मोजपट्टी कोडमध्ये कुणालाही वाचता येते. मूल घाई करतंय की रेंगाळतंय हे तिथं आकड्यात दिसतं. लय पळते आहे हे मास्तरांनी सांगूनही न पटणारं मूल पडद्यावर ते बघून गप्प होतं.

मग बिघडतं कुठं? आवाजाच्या उशिरात. ब्लूटूथ इअरफोनमधून आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. मूल कानावर विश्वास ठेवून बरोबर दाबतं, खेळ त्याला चूक ठरवतो आणि मूल हळूहळू चुकीच्या जागी दाबायला शिकतं. विसर्जन मिरवणुकीत पथकाच्या अगदी मागं राहिलेला झांजवाला असाच ठोक्याला मागं पडतो, कारण दहा मीटरवरून यायला आवाजाला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. इलाज सोपा आहे. वायरचा हेडफोन लावा आणि खेळातला ऑफसेट, म्हणजे आवाज आणि ठोका यांतला फरक, जुळवून घ्या. स्टेपमेनियात तो आपोआप जुळवण्याचीही सोय आहे. ज्या घरी 'गेम खेळून पोराचा ताल गेला' असं म्हणतात, तिथं आधी इअरफोन बघा.

खेळाची मर्यादाही सांगतो. त्याला वजन कळत नाही, बायाँची घुमार कळत नाही, समेवर येण्यातला आनंद मोजता येत नाही. गाण्याच्या खेळांना मींड आणि आंदोलन पकडता येत नाही, ते सप्तकाचे बारा सुटे तुकडे ओळखतात. म्हणून खेळ गुरूची जागा घेईल असं मी कधीच म्हणणार नाही. पण रोज अर्धा तास ठोका धरून बसण्याची सवय त्यातून लागते आणि ती सवय मृदंगावर उपयोगी पडते, हे मी शिकवताना बघतो.

'फुकटचं काम दर्जाहीन' असंही काही जण मेसेजखाली जोडतात. 'फ्रेट्स ऑन फायर' या पायथन भाषेत लिहिलेल्या फिनिश खेळानं २००६ च्या 'असेम्ब्ली' या फिनलंडमधल्या कॉम्प्युटर मेळाव्यात खेळांची स्पर्धा जिंकली होती. कीबोर्ड गिटारसारखा हातात धरून तो खेळायचा. 'फ्रायडे नाइट फंकिन' हा तालावर बाण दाबायचा खेळ २०२० मध्ये आला. पुढच्या वर्षी त्याच्या निर्मात्यांनी लोकांकडं ६० हजार डॉलर मागितले, तर २२ लाखांहून अधिक जमले. एवढं पुरे.

राहिलं 'त्यात आपलं काहीच नाही'. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण या खेळांत आपलं घालण्याची जेवढी मोकळीक आहे तेवढी दुकानात विकत मिळणाऱ्या खेळांत क्वचितच असते. स्टेपमेनियाचं गाणं म्हणजे एक ध्वनिफाइल आणि नोटपॅडमध्ये उघडणारी एक मजकूर-फाइल. त्यात बाणांच्या प्रत्येक ओळीत चार आकडे असतात. १००० म्हणजे डावा बाण, ०१०० म्हणजे खालचा. या ओळींचे गट पडतात, त्यांना माप म्हणू. एक माप चार ठोक्यांचं. एका ठोक्याला एक मात्रा धरली तर आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन दोन मापांत बसतं. सहा मात्रांच्या दादऱ्याची दोन आवर्तनं तीन मापांत, दहा मात्रांच्या झपतालाची दोन आवर्तनं पाच मापांत आणि सात मात्रांच्या रूपकाची चार आवर्तनं सात मापांत. भजनात लय चढत जाते, तीही लिहिता येते: कितव्या ठोक्यापासून मिनिटाला किती ठोके, एवढंच द्यायचं.

अल्ट्रास्टारची फाइल याहून सोपी. अक्षर कुठल्या ठोक्यावर सुरू होतं, किती लांबतं आणि कुठल्या स्वरावर आहे, हे तीन आकडे आणि पुढं ते अक्षर, देवनागरीतच. पेटीच्या मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ०. तुमचा षड्ज पांढरी चारचा असेल तर सा ५, रे ७, ग ९, शुद्ध म १०, प १२. आणि हा खेळ सप्तक बघत नाही. आजोबा खर्जात आणि नात वरच्या सप्तकात एकाच वेळी गायली तरी स्वर बरोबर असेल तर दोघांनाही गुण.

गाण्यांच्या हक्काचा प्रश्न इथंच सुटतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे शब्द सगळ्यांचे होतात. ज्ञानेश्वर-तुकारामांचे अभंग, पुरंदरदासांची पदं, बसवण्णांची वचनं यांच्या शब्दांवर आज कुणाचाही हक्क नाही. हक्क असतो तो एखाद्या रेकॉर्डिंगवर किंवा नव्यानं लावलेल्या चालीवर. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीत आपल्याच मंडळानं गाऊन आपणच रेकॉर्ड केलं की त्यासाठी कुणाकडं हात पसरायला नको. आपल्या भागात एकाच गल्लीत अभंगही चालतात आणि दासरपदंही (पुरंदरदासांसारख्या संतांची कन्नड पदं). दोन्हींच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये राहू शकतात. माच्छ्याच्या व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) छायेत प्रोजेक्टचा विषय शोधणारी कितीतरी मुलं आहेत. रूपकासाठी सात ठोक्यांचं माप दाखवणारा संपादक, म्हणजे बाणांची फाइल लिहायचा प्रोग्राम, करणं हे शेवटच्या वर्षाला शोभेल असं काम आहे, कारण कोड हातात आहे.

सुरुवात करायची असेल तर दादऱ्यापासून करा. रेकॉर्ड करताना टाळ मोठ्यानं वाजू द्या, म्हणजे ठोके शोधायला सोपं जातं. पहिला ठोका नक्की कुठं पडतो ते संपादकात लाटेचं चित्र बघून ठरवा, तो ऑफसेट जुळेपर्यंत एकही बाण लिहू नका, आणि तयार फाइल मंडळातल्या सगळ्यात कडक टाळकऱ्याला आधी खेळायला द्या.