कंबर की छाती?

गंगेला पूर आला की नाशिककर दोनच गोष्टी विचारतो : गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडले आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आले. (गंगा म्हणजे गोदावरी, हे बाहेरगावच्यांना सांगावे लागते.) पूर पाहायला छत्री आणि मुलेबाळे घेऊन निघणाऱ्या आम्हा हौशी मंडळींवर मी फार वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. तो एका दिवाळी अंकात छापून आला आणि त्यानंतर जी शांतता पसरली, ती काही केल्या मोडेना. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे, तेव्हा पोस्टमनकडे आशेने पाहणारा मी काही पहिलाच लेखक नसेन. पण माझ्यावर चिडून लिहिलेले एखादे पत्र आले असते, तरी मी ते फ्रेम करून लावले असते.

शेवटी न राहवून मी वाचनालयात गेलो. १८४० साली वाचनालय काढणाऱ्या या गावात एक तरी वाचक सापडायला हरकत नव्हती. जुना अंक निघाला. मागच्या कागदावर तारखांचे अकरा शिक्के पाहून माझा ऊर भरून आला, पण घरी सौभाग्यवतींनी तो कागद निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, यातले सात तुमचेच आहेत." ते खरे होते. उरलेल्या चौघांवर मी भिस्त ठेवली, तर अंक हातात धरताच आपोआप वार्षिक राशिभविष्याच्या पानावर उघडला. त्यातही वृश्चिकेच्या कडेला हळदीचा अंगठा स्पष्ट उमटला होता. माझी पाने मात्र नवऱ्या मुलाच्या धोतरासारखी कोरी करकरीत होती.

कोरी, पण सगळी नव्हेत. तिसऱ्या पानावर, जिथे मी पाणी मारुतीच्या छातीपर्यंत चढवले होते, तिथे समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने बारीक, वळणदार अक्षरात लिहिले होते : "छाती नव्हे, कंबर." खाली सही नव्हती. चार पाने लिहिताना मी उपमा शोधल्या, उपरोध घासूनपुसून घेतला, शेवट तर पाच वेळा बदलला. त्या साऱ्यावर एक अक्षर नाही, आणि पाण्याची पातळी तेवढी त्या गृहस्थांच्या, किंवा बाईंच्या, नजरेतून सुटली नाही. तरीही मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, कारण कंबरेशी अडलेला माणूस तिसऱ्या पानापर्यंत आलेला असतो.

वाचनालयाच्या अंकात लिहू नये, हा नियम मला पाठ आहे. तरीही मी त्याखाली लिहिले, "छातीच. मी स्वतः पाहिले आहे," आणि अंक परत केला. गेल्या सोमवारी सहज चौकशी केली, तेव्हा तो जागेवर नव्हता. "बाहेर गेलाय," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि कोणी नेला ते काही त्यांनी सांगितले नाही.

घरी येऊन मी पेन्सिलीला टोक काढून ठेवले.