काळी पाचचा भोंगा

२०१० च्या जूनमध्ये आमच्या घरी फुटबॉलचा वर्ल्डकप मुका चालायचा. टीव्ही चालू, आवाज बंद. मॅच दक्षिण आफ्रिकेत, आणि तिथले प्रेक्षक वुवुझेला नावाचे कर्णे सतत फुंकायचे. त्या आवाजाला कंटाळून आईचं फर्मान होतं. "मधमाश्यांचं मोहोळ उठल्यागत वाटतंय, बंद कर ते." कोल्हापुरातलं घर, गल्लीच्या एका तोंडाला ब्राझीलचा झेंडा, दुसऱ्या तोंडाला अर्जेंटिनाचा, आणि मधल्या घरात मुकी मॅच! बाहेर सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी हळूच आवाज वाढवला. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. आता ओरडणार म्हणून मी रिमोट उचलला, तर ती टीव्हीसमोर थांबली, पेटीवरचं कापड बाजूला केलं, भाता हलवून एक पट्टी दाबली. "काळी पाच. आमच्या भजनाची पट्टी आहे की रे ही!" आणि परत भाकऱ्या थापायला गेली.

खरंच काळी पाच होती, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी. वुवुझेला म्हणजे ६५ सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा प्लॅस्टिकचा कर्णा. आत थरथरून सूर देणारी पत्ती नाही, अंगाला भोकं नाहीत. ओठ मिटून थरथरवत फुंकायचं. त्यातून मुख्यतः एकच सूर निघतो, साधारण २३३ हर्ट्झचा. बायकांच्या गळ्याला सोयीची पट्टी म्हणून कितीतरी भजनी मंडळं तिथंच सा धरतात. म्हणजे अख्खं जग ज्याला गोंगाट म्हणून शिव्या घालत होतं, तो आमच्या आईचा षड्ज होता.

मग तंबोरा गोड का आणि हा प्रकार डोकं का उठवतो? तंबोरा जुळवायला माणूस पाच-दहा मिनिटं खुंट्या पिळत बसतो, मणी सरकवतो. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीत उद्घाटनाच्या मॅचला ८४ हजारांवर माणसं होती. त्यातल्या हजारोंच्या हातात कर्णे, प्रत्येकाची फुंक वेगळी, सूर केसभर इकडं तर केसभर तिकडं. असे जवळजवळचे सूर एकमेकांवर आपटले की त्यातून गरगरणारी घरघर तयार होते. तीच ती मोहोळाची गुणगुण. शिवाय कर्णा कानाशी वाजला तर ११०-१२० डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे तो कानाला इजा करू शकतो, हे काही खोटं नाही.

तेव्हाच्या तक्रारी सगळ्याच काही नखरे नव्हते. वर्ल्डकपच्या आदल्या वर्षी तिथंच झालेल्या २००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपातच स्पेनचा खेळाडू झाबी अलोन्सोने बंदीची मागणी केली होती. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर म्हणाले, हा आफ्रिकेचा आवाज आहे, राहू दे. वर्ल्डकप सुरू झाल्यावर बीबीसीकडे तक्रारींचा पाऊस पडला. लॅपटॉपवाल्या पोरांनी २३३ आणि त्याच्या दुप्पट ४६६ हर्ट्झच्या पट्ट्या गाळून मॅच बघायची युक्ती शोधली. फ्रान्सचा कर्णधार एव्हरा म्हणाला, सकाळी सहापासून वाजवतात, झोप होत नाही. पुढं त्याच फ्रान्सच्या संघाने आपल्याच व्यवस्थापनाशी भांडून सरावावर बहिष्कार टाकला, ते मात्र वुवुझेलावर ढकलता आलं नाही.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. फुटबॉलची मॅच डोळे मिटूनही कळते. शाहू स्टेडियमच्या बाहेर गाडी लावत असलो तरी आतल्या आवाजावरून सांगतो, कॉर्नर मिळाला, बॉल बारला लागला, रेफ्रीने पेनल्टी नाकारली. गर्दी दम धरते, उसळते, हळहळते, मध्येच हलगी कडाडते. वुवुझेलाने ही चढउतारच बुजवून टाकली. दक्षिण आफ्रिकेच्या शबालालाने मेक्सिकोविरुद्ध ५५ व्या मिनिटाला वर्ल्डकपचा पहिला गोल मारला, काय गोल होता तो! तेव्हासुद्धा टीव्हीवर जल्लोषाच्या खाली तीच घरघर. दक्षिण आफ्रिकेतही लोक हेच म्हणत होते, की आमचे प्रेक्षक स्टेडियमवर गायचे, या भोंग्याने गाणं मारलं.

एवढं सगळं मान्य करूनही मला वाटतं, जगाने त्या वाद्याला अर्धी परीक्षा घेऊन नापास केलं.

वर्ल्डकपच्या चार वर्षं आधी, २००६ मध्ये, केपटाउनला पेद्रो एस्पी-सांचिस या संगीतकाराने वुवुझेलांचा वाद्यवृंद उभा केला होता. त्यातली युक्ती ऐकून मी जागीच उठून बसलो होतो. वुवुझेलाला एकच सूर आहे ना? असू दे. कर्णे कमी-जास्त लांबीचे करायचे. बासरीवाल्याच्या पिशवीत लांब बासरी खर्जाची आणि आखूड वरच्या सुराची असते, तसंच. मग प्रत्येक वादकाला एकच सूर. आपली पाळी आली की फुंकायचं, नाहीतर गप्प. वीस माणसांच्या वीस फुंका एकापुढं एक अशा बसल्या की मधून धून धावायला लागते. ती धून कुणीच एकटा वाजवत नसतो.

ही कल्पना त्याने हवेतून आणली नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला, लिम्पोपो प्रांतात, व्हेंडा लोकांचा त्शिकोना नावाचा नाच आहे. पुरुष गोलात फिरत वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या फुंकतात, एका नळीला एक सूर. बायका ढोल वाजवतात. नळ्या मूळच्या बांबूच्या, पुढं लोखंडाच्या आणि प्लॅस्टिकच्याही आल्या. प्रत्येकाने दुसऱ्याच्या सुराकडे कान ठेवला तरच ते गाणं उभं राहतं. एक माणूस गैरहजर राहिला की गाण्याचा एक दात पडला म्हणून समजा.

वुवुझेला शोधला कुणी, याचं भांडण वेगळंच आहे. कायझर चीफ्स या तिथल्या फुटबॉल क्लबचा एक नामी चाहता फ्रेडी माके सांगतो, सायकलच्या भोंग्याचा रबरी फुगा काढून मी पहिला केला. तिथल्या शेंबे या ख्रिस्ती पंथाचे लोक म्हणतात, हे आमचं प्रार्थनेचं वाद्य. प्लॅस्टिकचा साचा काढून २००१ च्या सुमारास बाजारात आणला तो नील व्हॅन स्काल्कविक या उद्योजकाने. मला विचाराल तर फुंकायची भोकाची वस्तू हातात आली की माणूस फुंकणारच, त्याला शोध कशाला म्हणायचा.

चुकलं ते इथं, की वर्ल्डकपने भोंगा विकला आणि धून घरीच ठेवली. विमानतळावर उतरलेला पाहुणा पहिल्याच दिवशी कर्णा घेतो आणि नव्वद मिनिटं सलग फुंकतो. त्याला कुणी सांगितलंच नाही की यात थांबायचं असतं. २०१० च्या १ सप्टेंबरला युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युरोपातल्या आपल्या स्पर्धांमध्ये बंदी घातली. ब्राझीलने २०१४ साठी काशिरोला नावाचा खुळखुळा काढला, तर साल्वादोरच्या एका मॅचला प्रेक्षकांनी तेच मैदानात फेकले. तोही बाद. वाद्य प्रेक्षकांना द्यायचं आणि ताल मात्र द्यायचा नाही, असले हे कारभार.

युएफाची बंदी आली आणि दहा दिवसांनी आपले गणपती बसले. महाद्वार रोडला पोरांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिपाण्या होत्याच. (तुतारी आणि पिपाणीतला फरक मी सांगत बसत नाही, २०२४ च्या निवडणुकांनी तो महाराष्ट्राला चांगला शिकवलाय.) डोक्यात केपटाउन होतं. भाच्याची आणि त्याच्या दोन मित्रांची पिपाणी घेतली, हॅक्सॉ ब्लेडने वेगवेगळ्या लांबीला कापली. तिन्ही जशीच्या तशी केकाटली. कारण पिपाणीच्या तोंडात पत्ती असते, सूर तीच ठरवते, नळी कापून उपयोग नाही. पोरं रडकुंडीला आली ती वेगळीच. तीन नवीन पिपाण्या भरून द्याव्या लागल्या.

मग वायरिंगच्या कामातले उरलेले पीव्हीसी पाइप काढले. पाइप एकेक बोट कमी करत गेलो, आई पेटीवर सूर देत बसली. सा, ग, प. भाच्याला सा, एका मित्राला ग, आणि दुसऱ्या, धाकट्या मित्राला प. ओठ सुजेपर्यंत फुंकून शेवटी तिघांचे सूर लागले. आता फक्त पाळीपाळीने वाजवायचं. पाचव्या फेरीलासुद्धा भाचा थांबेना. तो म्हणाला, "मामा, मी गप्प बसलो तर मी वाजवतोय हे लोकांना कळणार कसं?"

धाकटा मात्र डोळे मिटून ओठांतल्या ओठांत एक-दोन मोजत होता. एकदा बरोब्बर जागेवर प लागला. तीन सूर एका मागोमाग, स्वच्छ. आईने भाता थांबवला. पोरगं एवढं खूष झालं की पुढची पाळी विसरलं आणि पाइप घेऊन "माझा लागला, माझा लागला" करत गल्लीत पळालं.