कोल्हापूर कुणी आयतं दिलेलं नाही

कोल्हापूरवरचा एक मेसेज सध्या जिथेतिथे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोल्हापूर म्हणजे नशिबाने शहर झालेलं मोठं खेडं. पाऊस भरपूर, ऊस आपोआप येतो, म्हणून पैसा खुळखुळतो. मटण आणि कुस्ती सोडली तर कारखानदारी वगैरे काही नाही. शाहू महाराजांच्या आधी इथे काही नव्हतं, नंतर कुणी काही केलं नाही. आणि ज्या नदीवर जगता, तिचं गटार करून ठेवलंय. आपल्याच गावची शिकलेली पोरं हा मजकूर हसत पुढे ढकलतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ऊस आपोआप येतो? पाऊस कोसळतो तो गगनबावडा-राधानगरीकडे. शिरोळ-हातकणंगल्याकडे जाल तसा तो झपाट्याने कमी होतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती पावसाळ्यात फुगतात, पंचगंगा होऊन कृष्णेला मिळतात. आडसाली ऊस मात्र जवळपास दीड वर्ष रानात उभा असतो. एप्रिल-मेमध्ये त्याला पाजायचं पाणी आधी कुणीतरी अडवून ठेवावं लागतं. १९०७ साली शाहू महाराजांनी भोगावतीवर धरणाची योजना हाती घेतली. पुढे काम पैशाअभावी रखडलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा राधानगरीचं हे धरण अपुरंच होतं. ते पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर. म्हणजे ‘नंतर कुणी काही केलं नाही’ हेही इथेच निकालात निघतं.

धरणातून सोडलेलं पाणी गावोगावी थोपवतात ते बंधारे. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरग्यांच्या, म्हणजे आडव्या फळ्यांच्या, दोन रांगा बसवायच्या, मधल्या पोकळीत माती ठासायची आणि पाणी तुंबवायचं. पुढच्या पावसाच्या तोंडावर सगळे बरगे काढून नदी मोकळी करायची, नाहीतर पुराचं पाणी काठच्या रानात घुसतं. हे दरवर्षीचं काम आहे. साऱ्या महाराष्ट्रात असल्या बंधाऱ्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. ज्यांच्या गावाचं नाव राज्यभरच्या नद्यांवर गेलंय, त्यांना पाणी फुकट मिळालं म्हणणं हा अन्याय आहे.

गुळाचंही तेच. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस उकळताना भेंडीचा रस घालून मळी काढत राहायची, चुलवाणाचा जाळ सांभाळायचा, आणि पाक कधी उतरवायचा ते गूळ करणाऱ्या गुळव्याने नजरेने ठरवायचं. त्याची वेळ चुकली की काहिलीतलं आख्खं आदण बिघडलं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय ते या हातांमुळे.

कारखानदारी नाही म्हणणाऱ्याने एकदा शिवाजी उद्यमनगरातून चालत जावं. नदीचं पाणी उंचावरच्या रानात चढवायला मोट पुरेना, म्हणून तेलावरची इंजिनं आली. ती बिघडली की दुरुस्त करणारे मिस्त्री इथेच तयार झाले. दुरुस्ती करता करता सुटे भाग ओतायला लागले, मग आख्खं इंजिन इथे बनू लागलं. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतकामाच्या फौंड्र्यांतून गाड्यांची, ट्रॅक्टरची, पंपांची कास्टिंग बाहेर जातात. शेतीच्या गरजेतून लेथ फिरायला लागला, हे माझ्या मते या शहराचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य आहे. शेती आहे म्हणून खेडं ठरवणाऱ्याला ते कळलेलंच नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला तो याच कारागिरांच्या गावात, आणि ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ मध्ये सुरू झाली तीही इथेच. पुण्याला ती नंतर गेली.

‘शाहूंच्या आधी काही नव्हतं’ याला फार वेळ द्यायला नको. राजाराम कॉलेज १८८० चं, रेल्वे १८९१ ची. महाराज गादीवर आले १८९४ मध्ये. आणखी मागे जायचं तर टाऊन हॉलचं म्युझियम बघा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली, वीतभरही नसलेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची मूर्ती तिथे आहे. समुद्रापलीकडचा हा देव सातवाहनांच्या काळात व्यापाराच्या वाटेने इथवर पोचला होता. महाराजांचं मोठेपण सिद्ध करायला आधीचं सगळं पुसायची गरज नाही. १८९५ ची शाहूपुरी पेठ आणि १९०२ चा पन्नास टक्के आरक्षणाचा हुकूम त्याला पुरेसे आहेत.

राहिली नदी. हे कलम मला खोडता येत नाही. शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं, पुढे इचलकरंजीचं रंगाचं पाणी त्यात मिसळतं, आणि शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. मेसेज लिहिणाऱ्याने एवढी एकच ओळ लिहिली असती, तर ती मी स्वतः सगळ्यांना पाठवली असती.